आतड्याची खिडकी

१

आमच्या घरात कोण आलं ते डोळ्यांच्या आधी कानांना कळायचं.

घरात शिरायची वाट म्हणजे दगडांचा एक बुटका बोगदा. थंडी खालीच राहावी म्हणून तो खोलीपेक्षा खोल खणलेला. त्यातून गुडघ्यांवर रांगत यायचं आणि शेवटच्या दगडावर हात टेकून खोलीत डोकं वर काढायचं. बोगद्याच्या तोंडाशी भिंतीच्या फटीत वालरसच्या हाडाची एक पट्टी खोचलेली असायची. येणाऱ्यानं आधी त्या पट्टीनं अंगावरचा बर्फ झाडायचा. न झाडता आत आलं की बर्फ उबेनं वितळतो, कातडी अंगरखा भिजतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच अंगरखा माणसाच्या अंगावर दगड होतो. म्हणून झाडायचा आळस आमच्यात कुणी करत नाही.

प्रत्येकाचं झाडणं वेगळं. माझा नवरा माजाक दोन फटके जोरात मारायचा आणि तिसरा नुसता सवयीनं. माझी सासू अर्नारुक पट्टीशी भांडत झाडायची, म्हणजे आधी तिची कुरकुर ऐकू यायची आणि मग फटके. मी माचावर दिव्यापाशी शिवत बसलेली असायचे. मान वर न करता माजाकला सांगायचे, "तुझी आई आली, आणि चिडून आली आहे." कधी चुकले नाही.

आणि आइनरचं झाडणं? ते म्हाताऱ्या बहिऱ्या कुत्र्यालाही कळलं असतं. धपधपधपधप, मधे दम नाही, ओलं कातडं बडवावं तसं. मग बोटं गेलेला पाय दगडावरून ओढल्याचा खरवडा. मग टक्, टक्, टक्. त्याच्या तिपाईचे तीन पाय एकामागून एक दगडाला लागायचे.

"आला पाच पायांचा," माजाक म्हणायचा.

२

आइनर समुद्रापलीकडच्या लोकांतला. आतल्या मोठ्या बर्फावर, जिथे आम्ही कुणी कधी जात नाही कारण तिथे खायला काही नाही, तिथे तो दोन सोबती घेऊन गेला होता. परत आला तो एकटा. कुत्री खाऊन संपली होती, घसरगाडी स्वतः ओढत होता, आणि गाडीवर मांसाचा तुकडा नव्हता. होता फोटोचा डबा, त्याची तिपाई, आणि नुसत्या काचा. हाताच्या पंजाएवढ्या, पेटीत कातड्यात गुंडाळलेल्या काचा.

"ह्यानं मांस टाकलं आणि काचा आणल्या?" सासूनं विचारलं.

"हो."

"डोकं गोठलंय ह्याचं. पाय नंतर बघू, आधी डोकं शेका."

पायाची दोन बोटं मीच कापली. त्यानं हूं की चूं केलं नाही. उलट मला म्हणाला, जरा थांब, आणि डबा जवळ ओढून माझ्या हातातल्या सुरीचा फोटो काढला. असा माणूस. एकदा बर्फाच्या भेगेत पडला, दोरावर लटकला, आणि वर ओढायला लोक आले तर खालून ओरडला की जरा दम धरा, इथला उजेड छान आहे. हे त्यानंच सांगितलं. मी हसले, पण विश्वास ठेवला, कारण ते त्याला शोभतच होतं.

जहाज दोन वर्षांतून एकदा, उन्हाळ्यात यायचं. तोवर तो आमच्या घरात राहिला. आमची भाषा तो तोंडात गरम मांस धरल्यासारखी बोलायचा. दोनच शब्द अगदी आमच्यासारखे यायचे: थांब, हलू नको. डब्याच्या डोळ्यावरचं झाकण काढायचा, स्वतः काळ्या कापडाखाली जायचा आणि बोटांवर मोजायचा. उजेड चांगला असला तर एक हात. ढग असले तर दोन्ही. तेवढा वेळ श्वाससुद्धा घ्यायचा नाही. पोरांनी त्याचं नाव थांबथांब्या ठेवलं.

डबा आमचा जीव खाईल म्हणून आम्ही घाबरायचो असं जहाजावरचे लोक सांगत सुटतात. काहीतरीच. आम्ही ढकलाढकली करायचो त्याच्यासमोर उभं राहायला. सगळ्यांत चांगली बसायची माझी सासू. हनुवटी वर, हात मांडीवर, पापणी न हलवता. आइनर कापडाखालून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "दगड! नुसता दगड!" म्हातारी आठ दिवस फुगून चालायची. बाकीच्यांना म्हणायची, "बसता येत नाही तुम्हाला. तुमच्या बुडाखाली मुंग्या आहेत." मुंग्या तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. आइनरनं सांगितल्या होत्या.

३

काचा धुवायला त्याला अंधार लागायचा. तो खिडकीवर कापड टांगायचा, माझ्या दिव्यापुढे लाल फडकं धरायचा, आणि मी वात अगदी बारीक ठेवायचे. शेवाळाची वात बारीक ठेवणं सोपं नाही, बाजूनं धूर सुटतो. मला जमायचं. त्या लाल उजेडात पाण्यात काच हलवता हलवता तिच्यावर माणसं उमटायची. उलटी माणसं. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. सवयीनं मला ती सुलटी दिसायला लागली.

जो हलला त्याच्या जागी धुरासारखा डाग यायचा. पोरांचे तर सगळे डागच. पोरं कुठे थांबतात? आइनर ती काच दिव्यासमोर धरून बघत बसायचा आणि मग बाजूला टाकायचा. "बिघडली." ह्या एका शब्दाला त्याचा चेहरा उतरायचा.

अशा बिघडलेल्या काचांचा ढीग झाला. एके दिवशी त्यानं वाहून आलेल्या लाकडाच्या पट्ट्या कापल्या, काचा एकीला एक लावून चौकट केली, फटीत चरबी आणि काजळी कालवून भरली, आणि आमच्या दारावरची, सीलची आतडी शिवून केलेली खिडकी काढून तिथे ती बसवली.

अख्ख्या किनाऱ्यावर काचेची खिडकी फक्त आमची. माणसं घसरगाड्या जोडून बघायला यायची. माजाक आधी मांस वाढायचा आणि मग, सहज आठवल्यासारखं, म्हणायचा, "उजेड जास्त होतोय का? डोळ्यांना त्रास नाही ना?"

काचा धुतल्या होत्या, तरी सावल्या पूर्ण गेल्या नव्हत्या. बाहेर उजाडलं की खिडकीत पोरं दिसायची. तोंड नसलेली, धुराची पोरं, वीसेक. मला ती आवडायची. गंमत वाटायची.

४

शरद ऋतूत मला मुलगा झाला. तातेराक नाव ठेवलं, माझ्या वडलांचं. तातेराक म्हणजे समुद्रपक्षी, कड्यावर बसून दिवसभर किंचाळणारा. नाव बरोबर लागलं. पोरगं जागं असलं की हातपाय, डोकं, सगळं एकाच वेळी हलायचं.

आइनरला त्याचा फोटो हवा होता. इतका हवा होता की बघून मला नवल वाटायचं. सूर्य रोज खाली चालला होता, उजेड कमी, म्हणजे मोजायला दोन हात आणि दोन पायही पुरेनात. तेवढा वेळ तान्हं पोर थांबणार? काचेमागून काच बिघडत गेली.

"सोड रे," मी म्हटलं. "मोठा झाला की काढ."

"मोठे हलतात," तो म्हणाला. "सगळे हलतात."

त्या दिवशी त्यानं पेटीच्या तळाची एक काच काढून मला दाखवली. तंबूच्या आतला फोटो. त्याचे दोन सोबती, झोपायच्या पिशव्यांत, शेजारी शेजारी. इतकी स्वच्छ काच मी त्याआधी बघितली नव्हती. दाढीचा केस न् केस मोजावा. पापण्यांवरचं गोठलेलं दव दिसत होतं.

"छान झोपलेत," मी म्हटलं.

"झोपले नाहीत," आइनर म्हणाला.

मी काच परत दिली. तो ती पुसत राहिला, अंगठ्यानं, हळूहळू, पोराचं कपाळ पुसावं तसा. मग माचावर पडलेल्या तातेराककडे बघून म्हणाला, "सूर्य आला की. एकच. चांगला."

५

आमच्याकडे हिवाळाभर सूर्य उगवत नाही. तो परत यायच्या आधी आइनर मेला. छातीत काहीतरी फुटलं, रक्त ओकला, आणि तीन झोपांत संपला. शेवटी शुद्धीवर होता. डोळे पोरावर होते. काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं: "थांब." कुणाला म्हणाला ते मात्र कळलं नाही.

आता आमच्यात मेलेल्याला बोगद्यातून नेत नाहीत. तो जिवंत माणसांचा रस्ता. खिडकीचं आतडं उसवायचं, माणसाला तिथून बाहेर द्यायचं, आणि लगेच शिवून टाकायचं. तो परत आला तर ज्या वाटेनं गेला तीच शोधतो, आणि तिथे वाट नसते. चार टाके घालायचे की झालं.

पण खिडकी आता आतड्याची नव्हती. चरबी-काजळी गोठून दगड झाली होती. काढायची म्हणजे फोडायची.

"त्यांच्याकडे मेलेल्याला दारातूनच नेतात," माजाक म्हणाला. "त्यानंच सांगितलं होतं. त्याला त्याच्या रिवाजानं नेऊ."

सासू म्हणाली, "त्यांच्याकडे मेलेल्याला परत जायला त्याचं घर असतं. ह्याचं घर कुठलं?"

"कुठलं म्हणजे? समुद्रापलीकडे."

"दीड वर्ष कुठे झोपला? कुणाच्या दिव्याखाली?"

"आई, ती काच आहे. काच!"

म्हातारी दिव्याकडे वळली. आम्ही आइनरला कातड्यात बांधलं आणि बोगद्यातून ओढत नेलं. वाटेत त्याचा तो पाय दगडावर खरवडला. वर दगड रचले. त्याचा डबा त्याच्याजवळ ठेवायला हवा होता, पण त्याचे लोक तो मागायला येतील म्हणून माजाकनं डबा आणि तिपाई मांस ठेवायच्या उंच मचाणावर चढवून वादीनं घट्ट बांधली, कुत्री पोचू नयेत म्हणून.

६

चंद्र भरत आला होता. मी माजाकचे बूट चावून मऊ करत होते, पोर छातीशी होतं, सासू दिव्याची वात सारखी करत होती. माजाक समोर बसून हार्पूनचं टोक घासत होता.

धपधपधपधप.

मी मान वर न करता म्हटलं, "आइनर आला."

आणि मग तिघांनीही मान वर केली.

बोगद्यातून कुणी वर आलं नाही. माजाक हसला. "वारा. पट्टी फटीत हलली असेल." खाली उतरला, रांगत गेला, परत आला. "वारा नाही," तो म्हणाला, आणि लगेच, "कुत्रं असेल."

मी काही भित्री नाही. अस्वल दारात आलं होतं तेव्हा त्याच्या तोंडात जळती वात खुपसणारी मीच. मी विचार केला, कुत्रं बोगद्यात शिरलं, पट्टीला अंग घासलं, आवाज झाला. पटण्यासारखं होतं. खाली जाऊन मी स्वतः बघितलं. पट्टी होती जागेवर. फक्त उजव्या फटीऐवजी डाव्या फटीत खोचलेली.

आमच्या घरात डावखुरा एकच होता.

वर आले तर पोर दूध ओढायचं थांबलं होतं. तोंडात स्तन तसाच, डोळे उघडे, मूठ हवेत. मी त्याच्या गालावर टिचकी मारली. बराच वेळ काही झालं नाही. मग ते पुन्हा ओढायला लागलं.

७

त्यानंतर तो येत राहिला. कधी नुसतं झाडणं. मग झाडणं आणि पायाचा खरवडा. माजाकनं बोगद्याच्या बाहेर बर्फ सपाट करून ठेवला. त्यावर त्याच्याच बुटांचे ठसे, दुसरे नाहीत. डबा मचाणावर होता. वादीवर गोठलेलं जाड दव, गाठ माजाकनं मारली तशी.

"बघ," तो म्हणाला, "कुणी हात लावलेला नाही."

"मी कुठे म्हटलं डबा उतरवला म्हणून?"

"मग काय म्हणतेस?"

"पोर बघ."

पोरानं आमच्याकडे बघितलं नाही. तीच तर गोष्ट होती. प्रत्येक वेळी आवाज आला की तातेराक थांबायचा, आणि प्रत्येक वेळी जास्त वेळ. आधी एका हाताइतका. मग दोन. आता आवाज गेल्यावरही ते तसंच पडून राहायचं, पाय ताणलेले, पापणी न हलवता, माचावर ठेवलेल्या वालरसच्या दाताच्या बाहुलीसारखं. रडणं तर बंदच झालं होतं. जे पोर सगळ्या वस्तीला जागं ठेवायचं त्याचा आवाज ऐकून मला किती दिवस झाले होते ते आठवेना. शेजारणी म्हणायच्या, "गुणी झालं गं." मी त्यांच्याकडे अशी बघायचे की त्या उठून जायच्या.

बगलेत हात घातला तर तिथेही गार लागायचं.

आणि एकदा, झाडणं झालं, खरवडा झाला, आणि मग: टक्. टक्. टक्.

अगदी शेवटच्या दगडाच्या खाली.

सासूनं माझ्याकडे बघितलं. "मांडामांड करतोय," ती म्हणाली.

८

"खिडकी फोड," मी माजाकला म्हटलं. "त्याला ज्या वाटेनं न्यायचं होतं ती वाट दे."

"सूर्य येऊ दे. उजेडात बघू."

"सूर्य आला की तो फोटो काढणार आहे, माजाक. तसं सांगूनच गेलाय."

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर दुपारचा पुसट उजेड होता, आणि काचांमध्ये ती धुराची पोरं उभी होती. तो काही वाईट माणूस नव्हता. दगडांच्या आणि हाडांच्या मुलखात काच मिळाली होती त्याला. "बर्फातल्या सीलच्या श्वासाच्या भोकावर जाऊन येतो," तो म्हणाला. "सील मिळाला तर पोराला गरम रक्त दे. परत आलो की फोडू."

त्यानं कुत्री जोडली आणि गेला. मी दुपारचा उजेड बघत होते. डोंगराच्या कडेला आज तांबूस रेघ होती. काल नव्हती.

पोराला छातीला लावलं. ओठ हलले नाहीत.

"आई," मी म्हटलं, "मी आत्ताच फोडते."

"फोड," सासू म्हणाली. "पण नुसती वाट उघडून तो जायचा नाही. तो खाली आहे. खिडकी इथे वर आहे. आधी त्याला आत घ्यावं लागेल."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बोगदा जिथे खोलीत उघडतो त्याच्या बरोबर वर खिडकी. त्याला खोलीत उभं राहावं लागणार, आमच्याकडे तोंड करून, आणि मग मागे वळावं लागणार.

"आणि वळेल कशावरून?" मी विचारलं.

म्हातारी उठली. दिव्यावरच्या काठीवर वाळत घातलेला आपला चांगला अंगरखा काढून घातला. केसांचा अंबाडा थुंकीनं सारखा केला. माचाच्या मधोमध बसली, हात मांडीवर, हनुवटी वर.

"त्याला एक चांगला हवाय ना? मग तू हल, पोरी. पोराला घेऊन हलत राहा. मी बसते."

"आई..."

"बसता येतं कुणाला ह्या घरात? तुला? तुझ्या बुडाखाली मुंग्या आहेत."

९

दिव्याशेजारचा जाड दगडी ठोकळा घेऊन मी काचा फोडल्या. एकेक पोर खाली पडलं. थंडी आत आली ती अशी की दिव्याची ज्योत आडवी झाली. मी पोराला अंगरख्याच्या टोपीत, पाठीशी घातलं, मग वाटलं नको, समोरच हवं, आणि दोन्ही हातांत धरलं.

"आइनर," मी म्हटलं. आवाज माझा बरा होता. "आत ये. आणि वाट इकडून आहे, वरून. आम्ही चुकलो होतो."

धपधपधपधप.

पाहुण्यासारखं, नीट झाडलं त्यानं. मग पाय. मग टक्. टक्. टक्. शेवटच्या दगडाच्या कडेवर आधी एक बारीक लाकडी पाय आला, मग दुसरा, मग तिसरा, आणि त्यांच्यावर ते काळं कापड. कापडावर गोठलेलं दव होतं, केसाळ, जनावराच्या पाठीवर धरावं तसं. समोर तो डोळा. डोळ्यात माझा दिवा दिसत होता, एवढासा, आणि दिव्याशेजारी एवढीशी मी, हातात गाठोडं.

कापडाखाली काय होतं ते मला विचारू नका. तिपाईचे तीन पाय मी बघितले. त्यांच्यामागे आणखी किती होते ते मी मोजले नाहीत.

"थांब," कापड म्हणालं. अगदी आमच्यासारखं, स्वच्छ. "हलू नको."

आणि मला थांबावंसं वाटलं. खरं सांगते, अंगातलं सगळं ओझं उतरून खाली बसल्यासारखं झालं. हात जड, मान जड, श्वास अर्ध्यावर. किती बरं वाटत होतं. पोर तर केव्हाच थांबलेलं होतं. बर्फात थकून बसलेल्या माणसाला असंच बरं वाटतं म्हणतात.

माझ्या बाजूनं सासू ओठ न हलवता म्हणाली, "मुंग्या, पोरी."

मी पाय आपटला. मग दुसरा. काचा पायाखाली करकरल्या. मी पोराला वर उडवलं, झेललं, पुन्हा उडवलं. उन्हाळ्यात ढोल वाजला की आम्ही नाचतो तशी नाचायला लागले, गुडघे वाकवून, डावीकडे, उजवीकडे, आणि तोंडानं जे येईल ते गात होते. शेवटी तर शिव्याच गात होते. डोळा माझ्याकडे वळला. मी डावीकडे गेले, तो डावीकडे. मी उजवीकडे. त्याला मी मिळत नव्हते.

मग तो डोळा मधे गेला, माचाकडे, आणि तिथेच राहिला.

कापडाखालून मोजणं ऐकू येत होतं. एक हात संपला. दुसरा हात संपला. एक पाय. मी नाचतच होते. सासूकडे बघितलं नाही, पण तिच्या बाजूनं श्वासाची वाफ येत नव्हती एवढं दिसत होतं. दुसरा पाय संपला.

झाकण लागल्याचा आवाज आला.

दिवा विझला. अंधारात काहीतरी माझ्या तोंडावरून गेलं, दवानं भरलेलं, खरखरीत, आणि त्या औषधी पाण्याचा वास, ज्यात तो काचा धुवायचा. मग खिडकीच्या चौकटीवर लाकूड घासलं. बाहेर बर्फावर पडल्याचा आवाज मात्र झाला नाही.

आणि माझ्या हातातलं पोर किंचाळलं. कड्यावरचे सगळे तातेराक एकदम उडावेत तसं. पायानं माझ्या हनुवटीवर अशी लाथ मारली की जीभ चावली गेली. तोंडात रक्त आलं. मी हसत होते.

"गेला?" अंधारातून सासूनं विचारलं.

"गेला."

माचावर तिचा अंगरखा सळसळला. मग म्हणाली, "चांगली आले असेन ना मी?"

१०

बोगद्यात दोन फटके जोरात आणि एक सवयीनं वाजला. माजाक वर आला. खिडकीच्या जागी चांदणं होतं, खाली काचांचा चुरा, आणि पोरगं घसा फोडून ओरडत होतं. तो ते ओरडणं ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "आतडी भिजत घाल. ह्या सीलची चांगली लांब आहेत."

दुसऱ्या दिवशी मी खिडकी शिवली. टाके बारीक घातले.

सासू त्यानंतर हळूहळू कमी होत गेली. दुखणं असं काही नाही. घास तोंडाशी नेता नेता थांबायची. सुईत दोरा घालता घालता थांबायची. हाक मारली की दूर कुठूनतरी आल्यासारखं बघायची आणि हसायची. सूर्य वर आला, कड्यावर पक्षी परतले, आणि एका दुपारी ती थांबली ती थांबलीच. हनुवटी वर होती. टाके उसवले, तिला खिडकीतून बाहेर दिलं, आणि तिचा पाय बाहेर पडतो न पडतो तोच मी सुई चालवली. रडत होते, पण टाके सरळ आले. बोगद्यात तिची कुरकुर पुन्हा कधी ऐकू आली नाही. मी कान देऊन होते. नाही आली.

उन्हाळ्यात जहाज आलं. एक लाल दाढीवाला डबा मागायला आला. माजाकनं मचाणावरून तो उतरवला, स्वतःची गाठ स्वतः सोडली. दाढीवाल्याची भाषा फार वाईट होती, पण हसणं चांगलं होतं. तो म्हणाला, डब्यात एक काच आहे. धुवून बघतो. आणि दुसऱ्या दिवशी मला जहाजावर बोलावलं.

"हा कुणी काढला?" त्यानं विचारलं.

"ज्याचा डबा त्यानं."

त्यानं काच उजेडासमोर धरली. मला उलटं सुलटं करायला वेळ लागत नाही. आमचीच खोली. दिवा. एका बाजूला वरपासून खालपर्यंत नुसता धुराचा लोळ, त्यात तोंड नाही, हात नाही, पोर कुठलं आणि आई कुठली ते कुणाच्या बापाला सांगता येऊ नये असा. बघून माझा ऊर भरून आला.

आणि मधोमध माझी सासू. सुरकुती न् सुरकुती. अंबाड्यातून सुटलेला एक केस. डोळे थेट माझ्याकडे.

चांगली आली होती म्हातारी. तिच्यासारखं बसणं कुणाला जमलं नसतं.

"अर्धी बिघडली आहे," दाढीवाला म्हणाला. "इथे कुणीतरी हललं." त्यानं काच पुन्हा एकदा बघितली आणि माझ्यापुढे धरली. "पण काच चांगली आहे. घेऊन जा. खिडकीला होईल."

पाठीवर तातेराक माझे केस ओढत होता, दोन्ही मुठींनी.

"आमची खिडकी आतड्याची आहे," मी म्हटलं. "ती उघडते."